कोबेच्या चढावरची शोधमंडळी

आई दर रविवारी संध्याकाळी फोन करते आणि विचारते, "आज काय केलंस गं?" मी सांगायला लागते. अर्ध्या तासाने ती म्हणते, "थांब थांब. ही ती मेलबर्नच्या म्हाताऱ्याची बहीण, की ती टोरोंटोवाली?" असं तीन वर्षं चाललंय. परवा तिने वैतागून सांगितलं, "मेधा, तू हे लिहून ठेव बाई! माझ्याच्याने आता कुणाचं कोण ते लक्षात राहत नाही."

म्हणून लिहायला बसले, तर असे किस्से किती साठलेत ते माझं मलाच कळेना.

मी ओसाकात राहते. नवरा, मी, मुलगी इरा. आम्ही दोघंही आयटीत. दर रविवारी सकाळी मी एकटी ट्रेनने कोबेला जाते, स्टेशनवरून चढ चढते, आणि एका बेकरीच्या वरच्या खोलीत जाऊन बसते. तिथे आम्ही तिघी बायका हरवलेली माणसं शोधतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला हिटलरच्या तावडीतून निसटलेली हजारो ज्यू माणसं सगळा रशिया ओलांडून, जहाजाने जपानात आली. काही महिने कोबेत राहिली आणि इथून जगभर पांगली. त्यांच्यामागे जी युरोपात राहिली, त्यातली बहुतेक मारली गेली. जी थोडी वाचली ती तेव्हा लहान मुलं होती. आज ती नव्वदीच्या आसपास आहेत आणि अजून विचारतायत, माझी बहीण कोबेहून पुढे कुठे गेली? माझे वडील पोचले का?

त्यांना उत्तर द्यायचं, एवढंच आमचं काम.

*

माझी भरती झाली ती कचऱ्यामुळे!

आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ओकादा-सान, म्हणजे आपल्या ओकादाबाई, राहतात. निवृत्त शाळाशिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. उंची माझ्या खांद्याएवढी, दरारा चार मजल्यांएवढा. इथे कचरा नीट वेगळा करून ठरलेल्या वारीच टाकायचा असतो, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये त्यावर लक्ष ठेवायचं काम ओकादा-सानांकडे.

एका सकाळी बेल वाजली. दारात ओकादा-सान, आणि त्यांच्या हातात माझीच लोणच्याची बरणी!

"जोगुरेकारु-सान," त्या म्हणाल्या. जोगळेकरचं इथे हेच होतं. "बरणी काचेची. झाकण धातूचं. लेबल कागदाचं. आत मोहरी. हे चार वेगळे वार आहेत."

मी शाळेतल्यासारखी मान खाली घालून बरणी घेतली. तेवढ्यात त्यांचं लक्ष आत गेलं. टेबलावर माझे दोन मॉनिटर चालू होते.

"तुम्ही कॉम्प्युटरवर नक्की काय करता?"

मी तेव्हा एका बँकेचा डेटाबेस करत होते. मी म्हटलं, "एकाच माणसाचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेलं असतं. तो एकच माणूस आहे, हे मी शोधून काढते."

ओकादा-सानांनी दाराबाहेरूनच मान लांबवून दोन्ही मॉनिटर बघितले. मग म्हणाल्या, "रविवारी मोकळ्या असता का?"

मला वाटलं, कचऱ्याचं ट्रेनिंग! त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर कोबेला गेले ती पर्समध्ये ती बरणी घेऊन. स्वच्छ धुतलेली, लेबल काढलेली. प्रात्यक्षिक करून दाखवायला लागलं तर असावी!

*

तिसरी रूथ. मूळची जेरुसलेमची, पोलिश आजीजवळ वाढलेली, तीस वर्षांपूर्वी जपानी नवऱ्याबरोबर कोबेला आली. पोलिश, यिडिश, हिब्रू, इंग्लिश, जपानी एवढ्या भाषा तिला येतात आणि सगळ्यांत भांडता येतं!

मी गेले तेव्हा तिच्यासमोर मेलबर्नच्या याकोबआजोबांची फाइल होती. लहानपणी ते एका शेतकऱ्याच्या तळघरात लपून वाचले. थोरली बहीण लॉरा त्याआधीच काकांबरोबर निसटून कोबेला पोचली होती. पुढे काहीच कळलं नाही. आजोबांनी तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडून एकच उत्तर: लॉरा लेरर या नावाची नोंद नाही.

मी स्क्रीनवरचं नाव बघितलं आणि मला हसू फुटलं. रूथ रागावली.

"अगं, असं नाव सापडणारच नाही!" मी म्हटलं. "जपानीत ‘ल’ कुठाय? ‘ळ’ तर सोडूनच दे. मी उद्या इथे दवाखान्यात पडले, तर माझा भाऊ जोगळेकर शोधत बसेल आणि मी जोगुरेकारु म्हणून पडून राहीन!"

मग मी प्रोग्राम उलट्या बाजूने लिहिला. नावाचं स्पेलिंग काय, याऐवजी एखाद्या दमलेल्या जपानी नर्सला ते नाव कसं ऐकू आलं असेल, असा. दोन रविवार लागले. एका जुन्या हॉस्पिटलच्या रजिस्टरात सापडलं: रॉरा रेरेरु. वय एकोणीस. अपेंडिक्सचं ऑपरेशन.

आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. रूथने वाचून दाखवलं.

"आणि काका?" त्यांनी विचारलं.

"आता जहाजांच्या याद्याही जुळल्या. ते आधीच्या जहाजाने पुढे गेले होते. ती नंतरच्या जहाजाने शांघायला गेली."

"म्हणजे ऑपरेशनच्या वेळी ती एकटी होती?"

रजिस्टरात ‘सोबत कोण’ असा रकाना होता. ओकादा-सानांनी त्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘शेजारच्या किमुराबाई. रोज पेज आणतात.’ रूथने तेही सांगितलं. मी पुढे शांघायचे कागद कसे शोधणार ते समजावायला लागले, तर आजोबांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते नंतर. आधी सांगा, पेज गरम असायची का? तसं काही लिहिलंय?"

आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. असलं कोण लिहून ठेवतं? आजोबांनी काय विचारलंय ते ओकादा-सानांनी रूथकडून समजून घेतलं आणि ताठ बसून त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, कोबेतली बाई आजारी माणसाला गार पेज नेत नाही."

ब्याण्णव वर्षांच्या त्या माणसाने चष्मा काढला आणि तो कॅमेऱ्यासमोर नुसतीच मान हलवत राहिला.

*

हे सगळं मी घरी जेवताना सांगत असते. इरा अकरा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आणि कंटाळा आला की इंग्लिशमध्ये.

लॉराची गोष्ट ऐकून झाल्यावर ती बराच वेळ भात चिवडत होती. मग चक्क मराठीत म्हणाली, "आई, तू हरवलीस तर मी कुठल्या स्पेलिंगने शोधू?"

मी आणि नवऱ्याने त्याच दिवशी फ्रिजवर कागद लावला. माझं नाव, त्याचं नाव, आज्यांची नावं, पुण्याचा पत्ता. देवनागरीत, इंग्लिशमध्ये आणि जपानीत. तो अजून तिथेच आहे. इराने खाली पेन्सिलीने भर घातलीय: ‘आई ‘ळ’ नीट म्हणते.’

*

हैफाच्या फ्रीदाआजी म्हणजे आमचा खरा छळ! वय चौऱ्याण्णव. धाकट्या भावाला शोधतायत. महिन्यातून एकदा आम्ही प्रगती कळवायची असं ठरलेलं, पण आजींना प्रगतीत रस कमी आणि माझ्यात जास्त.

"तू जपानी दिसत नाहीस."

"मी भारतातली आहे, आजी."

"मग तिकडे काय करतेस?"

"नोकरी."

"तिकडे नोकऱ्या नव्हत्या?"

मी म्हटलं, "होत्या. ही जरा बरी होती."

पुढच्या महिन्यात त्यांनी माझं जेवण काढलं. त्याच्या पुढच्या महिन्यात नवरा. केस का कापलेस, म्हणून एकदा ओरडल्या. रूथ भाषांतर करता करता हसून लोळायची.

एकदा मी मोठी तयारी करून बसले होते. त्यांच्या भावाचं नाव जहाजाच्या एका यादीत मिळालं होतं. तो त्यांचाच भाऊ की त्याच नावाचा दुसरा कोणी, ते ठरायचं होतं. मी घाईघाईने सांगायला लागले, तर आजींनी मध्येच विचारलं, "तुझी आई आहे?"

"हो, पुण्याला असते."

"जिवंत आहे?"

"हो, आजी."

"फोन आहे तिच्याकडे?"

"आहे की!"

आजी स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. सगळ्या स्क्रीनभर त्यांचा एक डोळा दिसत होता.

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयस?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला!

*

रूथची एक सवय होती. रविवारी सगळ्यांत आधी ती येणार, कॉम्प्युटर लावणार, सर्चमध्ये एक नाव टाकणार. ‘नोंद आढळली नाही’ असं आलं की म्हणणार, "छान. सिस्टीम चालू आहे." आणि मग कामाला लागणार.

पहिल्या दोन रविवारी मला वाटलं की ही खरंच सिस्टीम तपासते. आम्ही प्रोग्रामर असंच करतो, काहीतरी खोटं नाव टाकून बघतो.

मग मी ते नवं सर्च लिहिलं, नर्सच्या कानाचं. त्या दिवशी रूथ खुर्चीवर बसली आणि तिचे हात कीबोर्डवर नुसतेच राहिले. टाइप करेना.

"काय झालं?"

"काही नाही. आजीची धाकटी बहीण. त्सिला. आजीने मरेपर्यंत वाट बघितली. मी पण तीस वर्षं..." मग जरा हसली. "आत्तापर्यंत सापडत नव्हती, तेव्हा निदान म्हणता तरी यायचं की सर्च बेकार आहे."

मी नुसती तिच्या शेजारी उभी राहिले. तिने नाव टाइप केलं. एन्टर दाबलं. माझ्या प्रोग्रामने त्सिलाच्या नावाचे सगळे नमुने करून पाहिले, सगळी रजिस्टरं, सगळ्या याद्या. चार सेकंद लागले.

नोंद आढळली नाही.

रूथने खुर्ची मागे सरकवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "छान. सिस्टीम उत्तम चालते. आता पुढची फाइल दे."

*

आमच्यात एकदाच कडाक्याचं भांडण झालं. ते लेऑनआजोबांवरून.

लेऑन असतात ब्युनोस आयरेसला. दहा वर्षांचे असताना मामाबरोबर कोबेमार्गे निसटले. मामाच्या कागदांवर एकाच मुलाचं नाव घालता आलं होतं. धाकटी बहीण हेला सात वर्षांची. ती स्टेशनवर त्यांचा हात सोडेना. तेव्हा आई लेऑनच्या कानात म्हणाली, "तिला सांग, पाव आणायला जातोय." लेऑनने तसं सांगितलं. हेलाने हात सोडला. आणि तो गाडीत चढला.

आई पुढे मारली गेली. हेलाचं काय झालं ते कळलं नाही. आजोबा जन्मभर तिला शोधत होते.

आणि ती सापडली! पोलंडमधल्या एका लहान गावात, वेगळ्या नावाने, ज्या कुटुंबाने तिला वाढवलं त्यांच्या आडनावाने. रूथने फोन लावला. पोलिशमध्ये बोलत होती, आम्हाला कळत नव्हतं. फक्त रूथचा चेहरा उतरत गेलेला दिसत होता.

फोन ठेवून ती म्हणाली, "तीच आहे. सगळं आठवतंय तिला. स्टेशन, पाव, सगळं. म्हणते, मी बरी आहे, नातवंडं आहेत. त्याला एवढंच सांगा. पत्ता द्यायचा नाही, फोन द्यायचा नाही."

रूथ म्हणाली, पत्ता द्यायचाच. चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस आहे, उद्या असेल नसेल. ओकादा-सान म्हणाल्या, नाही. रूथने टेबलावर हात आपटला. चहाचे कप कलंडले. "सबंध आयुष्य घालवलंय त्याने!"

"हो," ओकादा-सान म्हणाल्या. "तिनेही घालवलंय. हरवलेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येत नसेल, तर तो सापडला असं कसं म्हणायचं?"

खालून बेकरीतल्या माणसाने वर येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना!

शेवटी आजोबांना कॉल लावला. रूथ बोलायला तयार नव्हती, म्हणून इंग्लिशमध्ये मीच सांगितलं. हेला सापडली. जिवंत आहे. बरी आहे, नातवंडं आहेत. तुमच्याशी बोलायची तिची इच्छा नाही.

ते बघतच राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, हळू.

"बोलायचं नाही म्हणाली?"

"हो."

"पावाचं काही म्हणाली?"

"म्हणाली. तिला सगळं आठवतंय."

"म्हणजे अजून रागावलीय!" आजोबांचा चेहरा उजळला. शेजारी बसलेल्या मुलीचा दंड धरून ते तिला स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगायला लागले, हसत होते, रडत होते. मग कॅमेऱ्याकडे वळून मला म्हणाले, "तुम्ही चुकला नाहीत. तीच आहे! हेला लहानपणी माझ्याशी आठ-आठ दिवस बोलायची नाही!"

*

टोरोंटोच्या मिरियमआजींची फाइल ओकादा-सानांनी माझ्यासमोर ठेवली. "ही तुमची," म्हणाल्या.

मिरियमआजींच्या वडलांचं शेवटचं कार्ड कोबेहून आलेलं होतं. ‘गुरुवारी मुंबईच्या जहाजात चढतो. पोचलो की तुम्हाला बोलावून घेतो.’ मिरियम तेव्हा तान्ही होती. रशियनांनी सैबेरियात धाडल्यावर आई आणि ती तिथे कशाबशा जगल्या. युद्ध संपलं. वडलांचं पत्र नाही. आईने दुसरं लग्न केलं नाही. आधी म्हणायची, येईल. मग म्हणायला लागली, मुंबईत दुसरं घर केलं असेल त्याने. आणि तेच म्हणत गेली.

मी ठाण्याच्या माझ्या मामाला फोन केला. मामा बँकेतून रिटायर झालाय आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखेरीज त्याला सध्या विषय नाही. "मामा, मुंबईतल्या जुन्या ज्यू कब्रस्तानात जाऊन एक नाव बघशील?"

"आत्ता?"

"अरे, उद्या जा!"

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ कॉल आला. उन्हात घामाघूम, डोक्यावर रुमाल. शेजारी तिथली देखभाल करणारे एझ्राकाका, ऐंशीच्या घरातले. कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. आडनाव आमच्यासारखंच ‘कर’ने संपणारं, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध!

"हा बघा तुमचा माणूस," एझ्राकाका म्हणाले, आणि मामाने फोन खाली केला. साधा दगड. हिब्रूत नाव, खाली गावाचं नाव. रजिस्टरात नोंद होती. जहाजातून उतरल्यावर दोन महिन्यांत विषमज्वराने गेले. दुसरं घर कसलं? पहिलंसुद्धा मांडून झालं नव्हतं.

मी टोरोंटोलाही त्याच कॉलवर घेतलं. तिकडे पहाट होती. मिरियमआजी गाउनवरच येऊन बसल्या. दगड बघितला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "आईला हे कळायला हवं होतं."

मग त्यांच्या लक्षात आलं की आजूबाजूच्या कबरींवर गवत आहे, पण ही धुतलेली आहे, आणि वर एक छोटा गोटा ठेवलेला आहे. ज्यूंमध्ये आठवण म्हणून तसा ठेवतात. "हे कोण करतं?" त्यांनी विचारलं.

मी मराठीत विचारलं. एझ्राकाका म्हणाले, "मीच. आधी आमचे वडील करायचे. त्यांनीच माती दिली होती ना याला. म्हणायचे, याचं कोणी ना कोणी येईल, तोवर आपण बघायचं."

मी भाषांतर केलं. आजींनी गाउनच्या बाहीने डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, "त्यांना विचार, एका परक्या माणसासाठी इतकी वर्षं का?"

मी विचारलं. एझ्राकाकांना प्रश्नच समजेना. त्यांनी मामाकडे बघितलं, मग पलीकडच्या दगडाकडे बोट केलं.

"परका कुठला? ते बघा, आमचे वडील. इतकी वर्षं शेजारी राहतायत दोघं!"

*

आणि आता आन्नाबाईंचा किस्सा.

आन्नाबाई गेल्या वर्षी शरदात क्राकोवहून स्वतः आल्या. वय एकोणनव्वद, चाकांच्या खुर्चीत, बरोबर नात. इतक्या लांब कशाला, आम्ही फोटो स्कॅन करून पाठवतो, असं रूथने दोनदा सांगून पाहिलं. त्या ऐकेनात. "कागद हातात घेऊन बघायचाय," म्हणाल्या.

फोटोंचं असं की ओकादा-सानांच्या वडलांचा कोबेत फोटो स्टुडिओ होता. पुढच्या देशाचा व्हिसा काढायला फोटो लागायचा, म्हणून आश्रयाला आलेली माणसं त्यांच्याकडे यायची. कोबेवर बॉम्ब पडले, स्टुडिओ जळाला. पण त्याआधी वडलांनी एक पेटी सायकलला बांधून बायकोच्या माहेरी, गावाला नेऊन ठेवली होती. त्या पेटीत हे फोटो. चेहरे आहेत, बहुतेकांची नावं नाहीत.

आन्नाबाई तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. निघायच्या आठवड्यात त्यांना लाल पुरळ आणि ताप आला. आजारी मुलीला गाडीत घेणार नाहीत म्हणून आईने त्यांना ओळखीच्या नन्सकडे ठेवलं आणि तान्ह्या भावाला घेऊन ती निघाली. बरी झालीस की तुला आणायला माणूस पाठवते, म्हणाली. ती कोबेला पोचली होती, एवढं यादीत आहे. त्यापुढे कुठेच नाही. घर जळलं, फोटो एकही उरला नाही. "मला आईचा आवाज आठवतो," आन्नाबाई म्हणाल्या. "हात आठवतात. चेहरा गेला. शाळेत असतानाच गेला."

आमच्या खोलीला लिफ्ट नाही. बेकरीवाल्याने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि पावांचं मोठं टेबल पुसून दिलं. ओकादा-सानांनी त्यावर फोटो मांडले, एकेक, सरळ रांगेत.

आन्नाबाई खुर्ची पुढे घ्यायला सांगत आणि प्रत्येक फोटो उचलून बघत. बायका, पुरुष, मुलं. कोणी हसत नाही. व्हिसाच्या फोटोत कोण हसणार? पहिली रांग संपली. दुसरी संपली. नात पाठीमागे उभी राहून ओठ चावत होती. रूथ बाहेर रस्त्याकडे बघत होती.

शेवटच्या रांगेत आन्नाबाईंचा हात थांबला. त्यांनी एक फोटो उचलला. तिशीची बाई, काळा कोट, केस मागे घट्ट बांधलेले.

"ही," त्या म्हणाल्या.

तो एक्केचाळीस नंबरचा फोटो. ज्यांची ओळख पटलीय अशा थोड्या फोटोंपैकी एक. दोनच वर्षांपूर्वी ब्राझीलहून एका डॉक्टरने आम्हाला आजीच्या लग्नाचा फोटो पाठवला होता. तोच चेहरा, तोच कोट. मागे पेन्सिलीने लिहिलेलं नावही जुळत होतं. त्या बाई ब्राझीलला पोचल्या, तिकडे शिवणाचं दुकान काढलं, म्हाताऱ्या होऊन गेल्या. त्यांना मुलगी नव्हती. हे सगळं आमच्या रजिस्टरात माझ्याच हाताने लिहिलेलं आहे.

आन्नाबाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला होता. नातीला जवळ ओढून त्या पोलिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. रूथ नेहमी लगेच भाषांतर करते. तेव्हा तिला वेळ लागला.

"म्हणतायत, बघ, माझं नाक हिच्यावर गेलंय."

मी रूथकडे बघितलं. रूथने माझ्याकडे. मग आम्ही दोघींनीही ओकादा-सानांकडे बघितलं. दोन पुरावे मिळाल्याशिवाय त्या कुणाचं नाव कुणाला लावू देत नाहीत. एकदा एका फोटोवरच्या एका अक्षरासाठी त्यांनी सहा महिने फाइल अडवून ठेवली होती. मी बोलायला तोंड उघडलं.

ओकादा-सान उठल्या. वर गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं आम्हाला ऐकू येत होती. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात जांभळा रेशमी रुमाल होता, इथे मानाची भेट बांधून देतात तसला. त्यांनी आन्नाबाईंसमोर हात पुढे केले. आन्नाबाईंनी जरा घाबरतच फोटो दिला. ओकादा-सानांनी तो रुमालावर ठेवला, एक घडी, दुसरी घडी, वर गाठ मारली. मग दोन्ही हातांनी तो परत आन्नाबाईंच्या मांडीवर ठेवला, एक पाऊल मागे सरकल्या आणि कमरेतून खाली वाकल्या. इतक्या खाली वाकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

जपानात कुठल्याही दुकानात जा, उपाहारगृहात जा, एक वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं. खूप वेळ थांबायला लावलं तुम्हाला, माफ करा, असा त्याचा अर्थ. चहा आणून देणारी पोरगीसुद्धा म्हणते.

वाकलेल्या तशाच ओकादा-सान ते म्हणाल्या.

"ओमातासे शिमाशिता."